बॅटरीच्या खुर्चीवरून माहेरी

माहेरी जाताना बाईमाणसाने काय न्यावं याचे आमच्याकडे संकेत ठरलेले आहेत. थोडा खाऊ न्यावा, घरच्या सुनेला एखादं कापड न्यावं, परसातली भाजी न्यावी. गेल्या पौषात मी माहेरी गेले ती चार चाकांची, बॅटरीवर चालणारी, पुढे टोपली आणि मागे लाल दिवा असलेली एक खुर्ची घेऊन. खरं सांगायचं तर तीच मला घेऊन गेली, निदान बऱ्याच अंतरापर्यंत.

तिचं खोक्यावरचं नाव मोबिलिटी स्कूटर. माझी मुलगी आरोही पुण्याला असते, तिने ती पाठवली. खोकं फ्रीजच्या खोक्यापेक्षा मोठं होतं, त्यामुळे कुडाळच्या आमच्या आळीत पहिले दोन दिवस बाईंनी नवा फ्रीज घेतला अशीच बातमी होती. बाई म्हणजे मी, सुभद्रा. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण आळीत अजून बाईच आहे. गुडघे मात्र माझ्यानंतर लगेचच निवृत्त झाले आणि त्यांनी पेन्शनरांसारखं घरी बसून कुरकुरणं एवढंच काम चालू ठेवलं.

चालता येत नाही याचं दुःख मला फारसं नव्हतं. उचललं जाण्याचं होतं. मागच्या वर्षी डॉक्टरांकडून येताना रिक्षातून उतरता येईना, तेव्हा दोघांनी मला उचलून घरात आणलं. त्यातला एक माझा विद्यार्थी. ‘बाई, हात माझ्या गळ्यात टाका’ असं तो म्हणाला. ज्याला मी एकेकाळी बाकावर उभं केलं होतं, त्याच्या गळ्यात भर रस्त्यात हात टाकून मी माझ्याच फाटकातून आत आले. त्या दिवसापासून मी फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही. डॉक्टरही फोनवरच बघायचे, आणि फोनवर बघण्यासारखं माझ्यात काही नसल्यामुळे लवकर बघून संपवायचे.

तरी मी निघाले, त्याला कारण दादा. माझा थोरला भाऊ सत्यवान वालावलला आमच्या घरी असतो. वय ऐंशीच्या पुढे. मुलगा गोव्यात नोकरीला, घरी सून संचिता. दादाचे पाय माझ्याही आधी गेले आणि मानीपणा माझ्याहून जास्त. गणपतीनंतर तो पडवीच्या पायऱ्या उतरलेलाच नव्हता. कुणी धरलेलं चालायचं नाही, उचललेलं तर नाहीच. आम्ही रोज संध्याकाळी फोनवर बोलायचो, आणि बोलण्याच्या शेवटी दादा देवळाजवळच्या तळ्याची हकिगत सांगायचा. पाणी किती चढलं, कमळं आली का, कुठला पक्षी बसला होता. स्वतः जात नव्हता, पण येणाऱ्याजाणाऱ्याला विचारून ठेवायचा. मार्गशीर्षात त्याने तळ्याचं सांगणं थांबवलं. गोळ्यांची नावं सांगू लागला. एक दिवस संचिताने फोन घेतला आणि हळू आवाजात सांगितलं की दादा आता बाहेरचं काही विचारत नाहीत, दुपारी झोपतात ते दिवेलागणीपर्यंत उठत नाहीत.

मी त्या संध्याकाळी खोकं उघडायला सांगितलं.

खोकं उघडण्याचं काम समोरच्या भिकाजींनी अंगावर घेतलं. भिकाजी एसटीत कंट्रोलर होते. त्यांनी आयुष्यभर इतक्या गाड्या सोडल्या की चाक असलेली कुठलीही वस्तू त्यांच्या परवानगीशिवाय हलू शकत नाही असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांनी खुर्ची जोडली, तिच्याभोवती फेरी मारली, चाकांवर लाथा मारून हवा बघितली. चाकं भरीव रबराची होती, त्यात हवा नव्हतीच, पण लाथ मारल्याशिवाय त्यांच्याने गाडी सोडवेना. मी अंगणात तुळशीभोवती गोल फिरून दाखवलं. गाडी आवाज अजिबात करत नाही. सशाचा पुसट शिक्का म्हणजे सावकाश आणि कासवाचा म्हणजे त्याहून सावकाश, एवढाच काय तो तिच्या वेगाचा हिशेब.

भिकाजींचं पहिलं म्हणणं, रस्त्यावर न्यायची तर कागद लागतील. मी कायद्याने चालणारी बाई. म्हटलं, विचारून या. ते मोबाइलमध्ये फोटो काढून जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला गेले आणि एका कचेरीत, नाव घेत नाही, एका सभ्य गृहस्थांना तो दाखवून आले. त्या गृहस्थांनी फोटो मोठा करून बघितला, लहान करून बघितला आणि सांगितलं की ही खुर्ची असेल तर आमच्याकडे येत नाही आणि गाडी असेल तर तपासणीला चालवत आणा. भिकाजींनी विचारलं, कागद नसताना रस्त्यावरून चालवत कशी आणायची. त्यावर ते म्हणाले, म्हणूनच मी म्हणतो की ती खुर्ची आहे. मला हे उत्तर अतिशय शास्त्रीय वाटलं. भिकाजींना मात्र ते आपल्या हुद्द्याचा अपमान वाटला आणि ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

खुर्ची ठरल्यावर ती बसने न्यावी असं मी सुचवलं. भिकाजी ओळखीच्या कंडक्टरशी बोलले. कंडक्टर भला माणूस. तो म्हणाला, बाई सीटवर बसल्या तर खुर्ची सामान होईल, आणि सामान म्हणून ती दारातून आत येणार नाही. खुर्चीवरच बसून आल्या तर बसमध्ये एक सीट वाढेल, आणि तेवढ्या सीटची बस नाही. एसटीच्या इतिहासात असा प्रश्न आलेला नव्हता, असं भिकाजी रात्री जेवतानाही बायकोला सांगत होते म्हणे.

एवढ्यात थंडी पडली. कोकणात थंडी पडते म्हणजे काय हे घाटावरच्यांना कळणार नाही, ते हसतात. पण दमट हवेतली थंडी हाडापर्यंत जाते, आणि आमच्याकडे तिच्यासाठी कपडेच नसतात. वर्षातून एकदा ट्रंकेतून स्वेटर निघतात आणि सगळी आळी डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन फिरते. शेजारच्या सारिकाने मोबाइलवर वाचून सांगितलं की थंडीत बॅटरी बसते. ती पतपेढीत काम करते, त्यामुळे तिने वाचलेलं लोक खरं धरतात. मी इथे गप्प बसायला हवं होतं. पण विज्ञानाच्या शिक्षिकेला असा प्रसंग पुन्हा कधी मिळणार. मी सांगितलं की होय, गारठ्यात बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि ती लवकर दमते.

झालं. आळीने बॅटरीला बाळंतीण मानलं. सारिकाने जुनी गोधडी शिवून तिला गुंडाळली. भिकाजींनी गरम पाण्याची रबरी पिशवी सीटखाली बांधली. कुणी सांगितलं, तिला वारा लागू देऊ नका, कुणी सांगितलं, ओल लागू देऊ नका. मला थंडी वाजत असेल असं मात्र कुणाच्याही मनात आलं नाही. मी माझी पांढरी लोकरीची शाल स्वतःच शोधून काढली आणि डोक्यावरून घेतली. या शालीमुळे पुढे काय होणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

शेवटी नितेशचा टेम्पो ठरला. नितेश मालवणहून मासे आणून कुडाळच्या बाजारात उतरवतो आणि रिकामे क्रेट घेऊन वालावलच्या वाटेने परत जातो. दोन मुलांचा बाप आहे, पण माझ्यासमोर अजून हाताची घडी घालून उभा राहतो. चार जणांनी खुर्ची क्रेटांमध्ये चढवली. मला पुढच्या सीटवर चढवण्यासाठी चौघे माझ्याकडे वळले तेव्हा मी नुसतं बघितलं. चौघेही थांबले. मग स्वयंपाकघरातलं स्टूल, त्यावर पाट, असं करत मी आपली आपण चढले. वेळ लागला. दरम्यान मागे उजाडलं.

कुडाळ सोडलं आणि धुकं सुरू झालं. काजूच्या बागा संपेपर्यंत रस्त्याची कड तरी दिसत होती. पुढे तीही दिसेनाशी झाली. नितेश काचेला नाक लावून चालवत होता. काच आतून आमच्या श्वासाने आणि बाहेरून दवाने भरली होती, आणि टेम्पोत बांगड्यांचा वास इतका दाट होता की धुकं आपल्यातूनच निघतंय असं वाटावं. वालावल जवळ आलं आणि एका ठिकाणी रस्ताच संपला. पाइपलाइनसाठी आडवा चर खणला होता, बाजूने माणूस किंवा मोटारसायकल जाईल एवढीच वाट. नितेश उतरून बघून आला आणि म्हणाला, फिरून जायचं तर पुष्कळ मागे जावं लागेल.

मी म्हटलं, मला इथेच उतरव.

त्याने बरंच समजावलं. धुकं आहे, थंडी आहे, तुम्ही एकट्या. मी त्याला विचारलं की हा रस्ता पुढे कुठे जातो. तो म्हणाला, तळ्याकडून तुमच्या घराकडे. मग मी म्हटलं, या रस्त्याने मी तुझ्या वडिलांच्या जन्माआधीपासून चालते आहे. चालते या शब्दावर तो जरा घुटमळला, पण बाईंच्या चुका काढायची सवय त्याला नव्हती. त्याने जवळच्या घरातल्या एकाला हाक मारली, दोघांनी खुर्ची उतरवून चराच्या पलीकडे नेली. मी त्याच्या दंडाला धरून, म्हणजे त्याने मला नव्हे, मी त्याला धरून, पलीकडे गेले आणि बसले. सशाचा शिक्का दाबला.

आणि मग जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मागे वळले तर टेम्पो नव्हता, त्याचा आवाजही धुक्याने पुसून टाकला होता. पुढे पांढरं, वर पांढरं, बाजूला कधी एखाद्या माडाचा बुंधा यायचा, त्याला वर झावळ्या नसायच्या, आणि तो जायचा. खाली रस्ता होता की नाही तेही कळत नव्हतं. गाडी आवाज करत नव्हती. मी हलत नव्हते. तरी मी जात होते. माडांवरून दव टपकत होतं, तेवढाच काय तो आवाज. गुडघे दुखत नव्हते, किंवा दुखत असतील तर ते कुणा दुसऱ्याचे होते. मला वाटलं, माणूस लहानपणी झोपेत माहेरच्या वाटेवरून असाच जात असणार, आणि पाय वगैरे नंतर लागतात.

बऱ्याच वेळाने मला जाणवलं की मी एकटी नाही. मागे वळून पाहिलं. मांजरं होती. एक पिवळं, दोन काळी, मागे आणखी काही. टेम्पोतल्या क्रेटांचं पाणी गोधडीत मुरलं होतं आणि बाळंतिणीची ती गोधडी आता आख्ख्या वालावलला बांगड्यांची आमंत्रणं वाटत चालली होती. मांजरं आवाज न करता, शेपट्या उभ्या धरून, एका ओळीत येत होती. मी थांबले की थांबत. मी निघाले की निघत.

आता समोरून येणाऱ्या माणसाच्या बाजूने विचार करा. धुक्यातून एक म्हातारी बाई येते आहे. डोक्यावरून पांढरी शाल. पाय हलत नाहीत, पण ती येते आहे. आवाज नाही. मागे मांजरांची रांग. त्या माणसाच्या हातात दुधाची किटली होती, ती त्याने अगदी सावकाश खाली ठेवली. मग हात जोडले. हे रामचंद्र, आमच्या वाडीच्या पलीकडे राहतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त जोडलेले हात दिसले.

‘आवशी,’ ते म्हणाले, ‘माझ्या झिलाचा लगीन जुळांदे.’

चौतीस वर्षं मी मुलांना शिकवलं की भुतंखेतं नसतात, राखणदार वगैरे मनाचे खेळ आहेत. आणि आता मुलाचं लग्न जुळवून देणारी राखणदार मीच झाले होते. माझ्या आत्मसन्मानाला हे पटण्यासारखं नव्हतं. मी त्यांना सांगणार होते की अहो, मी सुभद्रा, सत्यवानाची बहीण, ही बॅटरीची खुर्ची आहे. पण माझे दात थंडीने इतके वाजत होते की ‘अहो’मधला अ आतच राहिला आणि बाहेर आलं ते नुसतं हो. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हो. तिसऱ्यांदा तर तो हो चांगलाच लांब आणि थरथरता आला.

रामचंद्र किटली तिथेच टाकून गेले. मांजरांपैकी निम्मी किटलीपाशी राहिली.

मी पुढे निघाले. राग आला होता आणि हसूही येत होतं, आणि या दोन्हींत मी बॅटरीच्या काट्याकडे पाहिलं नाही. काटा लाल घरात गेला होता. गरम पाण्याची पिशवी केव्हाच गार होऊन आता उलट बॅटरीलाच गारठवत होती. ससा गेला, कासव आलं, मग कासवही दमलं आणि गाडी एका उतारानंतर अलगद थांबली. समोर काहीच नव्हतं. मी बराच वेळ त्या काहीच नसण्याकडे बघत होते, तेव्हा कुठेतरी एक मासा उडाला आणि मला कळलं की हे तळं आहे.

खाली उतरता येत नव्हतं, उतरून चालता येत नव्हतं. मोबाइल पर्समध्ये होता, पर्स टेम्पोत. मी घाबरायला हवं होतं. बोटं बधीर झाली होती. पण धुकं पाण्यावरून हळूहळू सरकत होतं, आणि त्यामुळे तळं थांबलेलं आणि आपण सरकतोय असं वाटत राहिलं. मला वाटलं, गाडी चालूच आहे. पाण्यावरून चालली आहे. तिकडे देऊळ, इकडे माड, मध्ये मी आणि उरलेली मांजरं. डोळे मिटत होते. दादाने फोनवर सांगितलेली सगळी तळी एकामागून एक येऊन गेली, भरलेली, उतरलेली, कमळांची.

मला जाग आली ती उदबत्तीच्या वासाने.

सात-आठ माणसं अर्धगोलात उभी होती, जरा लांबच. पुढे रामचंद्र, हातात नारळ. आणि त्या सगळ्यांना ढकलत एक बाई पुढे आली, तिने माझ्या तोंडावरची शाल बाजूला केली आणि म्हणाली, ‘आत्या, तुमी हंयसर काय करतास?’

संचिता. नितेशने तिला फोन करून मी निघाल्याचं सांगितलं होतं आणि ती केव्हापासून शोधत होती.

खुलासा झाला. कुणी हसलं नाही, हे मला जास्त लागलं. रामचंद्रांनी नारळ परत नेण्यासाठी आणलेला नव्हता, त्यांनी तो माझ्या टोपलीत ठेवला आणि अतिशय शांतपणे सांगितलं की बाई असोत नाहीतर आणखी कुणी, तीनदा हो म्हटलेलं आहे. मुलगा एका कारखान्यात आहे, निर्व्यसनी आहे, बाईंच्या हाताखालून एवढ्या मुली गेल्या, एखादं स्थळ त्यांनी बघायला हरकत नाही. मी तेव्हापासून तीन ठिकाणी बोलून ठेवलं आहे. बोललेला शब्द, मग तो दातांनी बोललेला का असेना.

मग सगळ्यांनी गाडी ढकलली. जिच्यावर बसून मी आपली आपण माहेरी जाणार होते ती चारपाच पुरुषांनी, पुढे उदबत्ती, मागे मांजरं, अशी मिरवत घरी नेली. दादा पडवीत खुर्चीत बसला होता. कानटोपी, वर मफलर, वर घोंगडी. तो किती बारीक झाला होता ते मला फोनवर कळलंच नव्हतं.

त्याने सगळं नीट बघून घेतलं आणि विचारलं, ‘गावान वरात काढल्यान काय गो तुझी?’

मला उचलून पडवीत नेण्यात आलं. मी डोळे मिटून घेतले. दादानेही दुसरीकडे पाहिलं, हे मी मिटल्या डोळ्यांनी पाहिलं.

तो दिवस पेज, भाजलेला सुका बांगडा आणि दादाचे टोमणे यांत गेला. बॅटरीची तार स्वयंपाकघरातून खिडकीवाटे पायऱ्यांखालच्या गाडीपर्यंत आणली होती आणि चार्जरचा बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता. मी हळूच म्हटलं, दादा, चार्ज झाली की बसून बघ. नुसतं अंगणात.

‘असल्या पांगुळगाड्यात मी बसूचंय नाय,’ तो म्हणाला. मग चष्मा पुसून त्याने विचारलं की पांगुळगाड्याला ब्रेक कुठे असतो. मी म्हटलं, दांड्यावरचा हात सोडला की गाडी थांबते. तो म्हणाला, म्हणजे ब्रेकच नाही. संध्याकाळपर्यंत त्याने त्या गाडीतले एवढे दोष काढले की मला समजायला हवं होतं. न आवडलेल्या वस्तूकडे माणूस इतका वेळ बघत नाही. पण मी दुखावले होते. आरोहीला फोनवर प्रवास उत्तम झाला असं सांगताना माझा आवाज मलाच खोटा वाटला. मी एवढी आले ती दादाला बाहेर काढायला, आणि येऊन बसले होते त्याच्या शेजारच्या खुर्चीत, त्याच्यासारखीच घोंगडी पांघरून. एका पडवीत एक हट्टी म्हातारा होता, आता दोन झाले, एवढाच बदल.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मला गारव्याने जाग आली. पडवीचं दार उघडं होतं, धुकं आत येऊन बसलं होतं. दादाची खाट रिकामी. भिंतीला धरत धरत मी दारापर्यंत गेले. तार जमिनीवर पडली होती. पायऱ्यांखाली जिथे गाडी लावली होती तिथे दवात चार चाकांच्या रेघा होत्या आणि त्या फाटकाकडे गेल्या होत्या.

मी हाका मारल्या. संचिता मागीलदारी पाणी तापवत होती, ती धावत आली, बघितलं आणि तशीच धुक्यात पळत गेली. मी दादाच्या खुर्चीत बसले. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. तळ्याला कठडा नाही. ब्रेक नाही असं त्याला वाटतं. हात गारठले तर दांडा सोडता येईल का. मी स्वतःला हे सगळे प्रश्न एकामागून एक विचारले आणि एकाचंही उत्तर दिलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. आपलं माणूस बाहेर गेल्यावर मागे पडवीत बसून राहणं काय असतं, ते संचिता रोज उलट्या बाजूने बघत होती. तिच्याकडे घरातून न हलणारा माणूस होता, माझा हलला होता.

संचिता आधी परत आली, पण चालत. तिचा चेहरा बघून माझा श्वास खाली बसला. तिने सांगितलं ते असं. दादा पायऱ्या बसून बसून उतरले असणार, लेंग्याला मागे माती लागली होती. देवळाकडे गेले. तिथे पुजाऱ्यांनी चाकांचं काय करायचं हा प्रश्न काढला, चपला बाहेर काढतात तशी चाकं काढता येत नाहीत. दोघांनी त्यावर थोडा विचार केला आणि दादांनी दारातूनच हात जोडले. मग ते तळ्यावर गेले आणि तिथे बसून राहिले. ती जवळ गेली तेव्हा त्यांनी नुसता हात केला, तू जा, मी येतो. म्हणून ती आली होती, पण दर दहा पावलांनी मागे बघत.

धुकं जरा विरळ होत होतं. मग तो दिसला. आधी कानटोपी, मग मफलर, मग सगळा दादा, ताठ बसलेला, अगदी सावकाश येणारा. कासवावर चालवत होता. मिशांवर दवाचे थेंब होते. फाटकातून आत येताना त्याने हॉर्न वाजवला. गाडीला हॉर्न आहे हे मलाही माहीत नव्हतं.

मी त्याला ओरडणार होते. शब्द तयार होते. पण तो पायऱ्यांपाशी येऊन थांबला, हात सोडला, गाडी थांबली तसं खाली बघितलं आणि मान हलवली, म्हणजे ब्रेकचं आमचं भांडण मिटलं. मी फक्त विचारलं, तळ्यावर काय दिसलं.

‘काय एक नाय,’ तो म्हणाला. ‘धुक्यान पाणी दिसूक नाय. पण आसा थंयसरच.’

तळं जागेवर होतं तर. मग तो म्हणाला, ‘आता तू जा. मी बसतंय हंयसर.’

हे बोलायला सोपं होतं. प्रत्यक्षात त्याला खाली उतरून वर यायचं होतं आणि मला खाली उतरून वर बसायचं होतं, आणि आम्हा दोघांत मिळून एकही धड गुडघा नव्हता. संचिता पुढे झाली, तिला दोघांनीही एकाच वेळी हाताने अडवलं. मी पायऱ्या त्याच्याच पद्धतीने उतरले, त्याबद्दल अधिक काही सांगणार नाही. खालच्या पायरीवरून मी त्याचा हात धरला. त्याने उठण्यासाठी माझा आधार घेतला, मी उठण्यासाठी त्याचा. दोघांपैकी कोण कुणाला उठवत होतं हे भौतिकशास्त्राच्या कुठल्याही नियमात बसणार नाही, पण उठलो. तेवढ्यात माझ्या शालीचं टोक दांड्यात अडकलं, दांडा दाबला गेला, आणि गाडी आमच्या मधून अलगद, आवाज न करता निघून गेली. तुळशीपर्यंत गेली, शाल सुटली, थांबली.

आता आम्हाला बसायला काहीच नव्हतं. पायऱ्या मागे राहिल्या होत्या, गाडी पुढे. दादाचे दोन्ही हात माझ्या दंडांवर आणि माझे त्याच्या. गणपतीनंतर तो अंगणाच्या मातीवर पहिल्यांदाच असा उभा राहिला होता, आणि मी माहेरच्या अंगणात कधी उभी होते ते मला आठवेना. तो थरथरत होता, मीही. धुक्यातून ऊन यायला लागलं होतं, ते आधी त्याच्या कानटोपीवर आलं.

पाठीमागून संचिता धावत यायला निघाली. दादाने मान न वळवता तिला सांगितलं,

‘थांब गो जरा. आमी उभी आसंव.’

ती थांबली.